पान पालथं करून

पहाटे 5.20

दिवसाची सुरुवात घरच्या पायरीवर होते. पायरीच्या एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला पानफुटीची कुंडी आणि तिच्या शेजारी जुन्या बादलीत लावलेली थॉमसन द्राक्षाची वेल. बाहेर अजून मिट्ट काळोख आहे. पानफुटीची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. त्यातल्या एका जून जोडीतलं एकच पान मी तोडते, दुसरं झाडावर राहू देते. तोडलेल्या पानाचा तुकडा खलात चुरडायचा, रसाचा थेंब पीएच कागदावर टेकवायचा आणि रंग वहीतल्या पट्टीशी ताडून पाहायचा. आज कागद केशरी झाला. आकडा 4. चिंचेच्या कोळाइतका नाही, पण रस चांगलाच आंबट आहे.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात लक्षात आली होती. बेंजामिन हेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव होतं, असं त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं. ते पत्र 1815 साली छापलं गेलं. त्यांनी ते जिभेनं ओळखलं. आम्ही कागद वापरतो, कारण पानफुटीत हृदयाला बाधणारी द्रव्यं असतात आणि मुलांना ते पान चघळायला लावणं मला पटत नाही.

हा आंबटपणा म्हणजे रात्रभर पानानं आत घेतलेली हवा. तिचा पुढचा हिशेब रात्रीच लागेल. तोवर जोडीतलं दुसरं पान झाडावर राहील.

सकाळी 6.40

तासगावच्या पूर्वेकडची बाग. नोव्हेंबरचा मध्य, गोडी छाटणीला बेचाळीस दिवस झालेले. फुलोरा संपून मणी धरायला लागलेत. बाग माझ्या जुन्या विद्यार्थ्याची. बारा वर्षांपूर्वी तो पहिल्या बाकावर बसायचा, आता दीड एकर थॉमसन सांभाळतो. त्याची आई बांधावर उभी. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही म्हणते.

"मॅडम, रात्री दव लई पडलंय बघा. पानं निथळायला लागल्यात."

पानं खरंच निथळत होती, पण ते सगळं पाणी दवाचं नव्हतं. पानाच्या कडेला जे दाते असतात त्यांच्या टोकांवर एकेक टपोरा थेंब होता, जणू कुणी मोजून ठेवलेला. हे पाणी वेलीनं स्वतः बाहेर टाकलेलं. रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात, पानाची रंध्रं मिटलेली असतात, म्हणून जास्तीचं पाणी कडेच्या जलरंध्रांतून बाहेर येतं. ही जलरंध्रं मिटत नाहीत. मिटतात आणि उघडतात ती पानाच्या खालच्या अंगाची पर्णरंध्रं. आजचा सगळा दिवस त्यांच्यासाठी आहे.

तिसऱ्या ओळीत मी एक पान पालथं केलं आणि पोटात गोळा आला. वरून बघितलं तर फक्त एक फिकट तेलकट डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. खाली मात्र त्याच जागी पांढरी, कापसासारखी बुरशी. डाऊनी.

द्राक्षबागाईतदाराला डाऊनी काय करते हे सांगावं लागत नाही. पण ती कुठून शिरते हे फार थोड्यांना माहीत असतं. या रोगाचे बीजाणू पानावरच्या ओलाव्यात चक्क पोहतात. पोहत पोहत पर्णरंध्रापाशी थांबतात, तिथे चिकटतात आणि रंध्रातून आत नळी घालतात. द्राक्षाच्या पानाला रंध्रं असतात ती जवळजवळ सगळी खालच्या बाजूला. म्हणून रोगाचा रस्ताही खालून. पुढे आत वाढलेली बुरशी दमट रात्री त्याच रंध्रांतून बाहेर डोकावते आणि नवे बीजाणू सोडते. आता दिसत होती ती पांढरी लव म्हणजे रंध्रारंध्रांतून बाहेर आलेल्या फांद्याच होत्या. भुरीचं तसं नाही. ती पानाची त्वचा थेट भेदून बसते, तिला दार लागत नाही.

डाऊनी अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली 1878 च्या सुमारास, आणि तिथल्या बागा काळवंडल्या. बोर्डोजवळच्या रस्त्याकडेच्या वेलींवर मालक मोरचूद आणि चुना कालवून मारत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेलींची पानं हिरवी राहिलेली प्राध्यापक मिलार्देंच्या नजरेस आली. 1885 मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडलं. आज आपल्याकडे बोर्डो म्हणून जे बॅरलमध्ये ढवळलं जातं ते हेच. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना.

"काल मारलंय की औषध," माझा विद्यार्थी म्हणाला. आवाजात काळजी होती. "वरनं बसलं म्हणजे खालपर्यंत जात न्हाई व्हय?"

आंतरप्रवाही असेल तर थोडं जातं. स्पर्शजन्य औषध मात्र जिथे पडेल तिथेच काम करतं. दार एका अंगाला असेल आणि पहारा दुसऱ्या अंगाला बसवला असेल, तर चोर आत येणारच. मी त्याला कालचीच दोन-चार पानं उलटून दाखवली. वर औषधाचे पांढरे ठिपके छान पसरलेले, खाली स्वच्छ कोरं पान. तो बराच वेळ ते पान हातात धरून होता.

सकाळी 7.40

तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि एक मुलगा, दिवसभर बागेत थांबणार आहेत. त्यांच्याजवळ सिलिका जेलच्या डब्यात कोबाल्ट क्लोराइडचे कागद आहेत. हा कागद कोरडा असतो तेव्हा निळा, ओल लागली की गुलाबी. हातमोजे घालून चिमट्यानं एक चौकोन उचलायचा, पानाच्या खालच्या बाजूला टेकवायचा, वरून पारदर्शक चिकटपट्टीनं चारी बाजू बंद करायच्या आणि घड्याळ लावायचं. गुलाबी व्हायला जितका कमी वेळ, तितकी रंध्रं जास्त उघडी. असाच एक कागद वरच्या बाजूला. आणि तिसरा दोन काचपट्ट्यांच्या मध्ये, म्हणजे चिकटपट्टीतूनच ओल येत नाही ना, हे कळावं. हा तिसरा कागद मुलं विसरतात. मी विसरू देत नाही. त्याच्याशिवाय बाकीच्या दोघांचा काही अर्थ लागत नाही.

दव पुसून, पान सुकू देऊन पहिला आकडा घेतला. खालची बाजू: 3 मिनिटं 40 सेकंद. वरची बाजू: पंचवीस मिनिटं वाट पाहिली, कागद निळाच. काचेतलाही निळा.

सकाळी 8.30

वाटेत एका उसाच्या फडापाशी स्कूटर थांबवली, वर्गासाठी दोन पानं घेतली. उसाच्या पानाला दोन्ही अंगांना रंध्रं असतात, आणि रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या नसून व्यायामाच्या डंबेलसारख्या. ज्वारीचंही तसंच. बागेतून पहिला निरोप मोबाइलवर आला: 1 मिनिट 50 सेकंद. ऊन वाढतंय, दारं उघडतायत.

सकाळी 9.30

प्रॅक्टिकल. हे तीन तास मला सगळ्यात प्रिय.

सकाळी बागेतून आणलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली आहेत. पानाच्या खालच्या बाजूवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, दहा मिनिटं वाळू द्यायचं, वर सेलोटेप दाबून अलगद ओढायची. टेपवर पानाच्या त्वचेचा ठसा उमटतो. तो काचपट्टीवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. हजारो रुपयांचं यंत्र लागत नाही, आणि तरी दिसतं ते पाहून दर वर्षी कुणीतरी श्वास रोखून धरतं. आजही मागच्या टेबलावरची एक मुलगी डोळा न हलवता म्हणाली, "मॅडम, ओठ आहेत!"

ओठच. दोन रक्षक पेशी, मध्ये फट. प्रत्येक पेशीची आतली, फटीकडची भिंत जाड, बाहेरची पातळ. त्यात सेल्युलोजचे धागे आडवे, कड्यांसारखे बांधलेले. पहाटेचा निळा प्रकाश पडला की पेशी पोटॅशियम आत ओढून घेते, त्यामागून पाणी येतं, पेशी टम्म फुगते. कडी असल्यामुळे तिला जाड होता येत नाही, लांब व्हावं लागतं. दोन्ही टोकं तर जखडलेली. मग ती बाहेरच्या बाजूला वाकते आणि फट उघडते. पाणी निघून गेलं की पेशी सैल पडते, फट मिटते. स्नायू नाही, बिजागरी नाही. फुगण्याच्या बळावर हे घडतं हे जर्मन शास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल यांनी 1856 साली मांडलं. पोटॅशियमचा भाग विसाव्या शतकात उलगडला.

मग मोजणी. आमच्या सूक्ष्मदर्शकात चारशे पट मोठं केलं की दिसणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 0.16 चौरस मिलिमीटर भरतं. दहा ठिकाणी मोजून सरासरी काढायची. आजची सरासरी 31, म्हणजे एका चौरस मिलिमीटरला सुमारे 194. हाताच्या पंजाएवढं द्राक्षाचं पान साधारण 120 चौरस सेंटिमीटरचं. गुणाकार फळ्यावर केला तेव्हा वर्ग गप्प झाला. एका पानावर तेवीस लाखांहून जास्त दारं. बागेत एका काडीवर पंधरा-सतरा पानं ठेवून शेंडा मारतात. पुढचा गुणाकार मुलांनी आपणहून केला.

वरच्या बाजूच्या ठशात मुलं तासभर शोधत बसली. फरशीसारख्या एकमेकीत बसवलेल्या पेशी दिसतात. रंध्र एकही नाही.

"मग पुस्तकात वरून बाण का दाखवलाय?" एकानं विचारलं. त्याचं पुस्तक उघडून पाहिलं. कार्बन डायऑक्साइडचा बाण पानाच्या वरच्या पृष्ठावर टेकलेला होता, सूर्यकिरणाच्या बाणाशेजारीच. चित्रकाराला वर जागा मोकळी मिळाली असेल. पण या एका बाणानं किती मुलांच्या डोक्यात कायमची चुकीची समजूत बसली असेल! प्रकाश वरून येतो, हवा खालून येते. पानाची सगळी रचना या दोन वाटा वेगळ्या ठेवण्यासाठी आहे, आणि ते समजलं की आडवा छेद पाठ करावा लागत नाही.

तो छेद आम्ही पुढे घेतलाच. गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात पान धरायचं, नव्या ब्लेडनं पातळात पातळ काप काढायचे, पाण्यात सोडायचे, सर्वांत पारदर्शक काप ब्रशनं उचलून सॅफ्रनिनचा थेंब द्यायचा. प्रयोगशाळेतले मामा यात आम्हा सगळ्यांपेक्षा तरबेज आहेत. त्यांचा काप नेहमी एका पेशीइतका पातळ येतो.

पान पाव मिलिमीटरही जाड नसतं, पण त्यात मजले आहेत. सर्वांत वर मेणकट उपत्वचा, पाणी अडवणारी. तिच्याखाली रंगहीन त्वचा, प्रकाश सरळ आत सोडणारी. मग उभ्या, दाटीनं लावलेल्या स्तंभपेशी, हरितलवकांनी भरलेल्या, कारण ऊन इथे पडतं. आणि त्यांच्याखाली स्पंजी ऊती: वेड्यावाकड्या पेशी, एकमेकींना फक्त कोपऱ्यांनी टेकलेल्या, मध्ये सगळी मोकळी हवा. मुलांना ही जागा रिकामी वाटते, म्हणून चित्रात ती तेवढा भाग घाईनं उरकतात. मी तिथेच थांबवते. ही पोकळी म्हणजे पानाचं आतलं अंगण. रंध्रातून आलेली हवा इथे पसरते आणि प्रत्येक पेशीच्या ओल्या भिंतीला जाऊन भिडते. आतल्या या भिंतींचं एकूण क्षेत्रफळ पानाच्या बाहेरच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट, दहापट आणि त्याहूनही जास्त असतं.

पोकळी नसती तर? वायू पाण्यातून जितक्या गतीनं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट वेगानं तो हवेतून पसरतो. पान भरीव असतं तर कार्बन डायऑक्साइडला स्तंभपेशींपर्यंत पेशीपेशींतल्या पाण्यातून रांगत जावं लागलं असतं. पोकळीमुळे तो अगदी शेवटच्या उंबऱ्यापर्यंत हवेतून येतो आणि फक्त शेवटचं पाऊल पाण्यात टाकतो. त्यासाठी पेशीची भिंत ओली ठेवावी लागते. आणि ओली भिंत हवेला उघडी ठेवली की पाणी उडणार. पानाची सगळी अडचण या एका ओलसर भिंतीत आहे.

ती अडचण किती मोठी? हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. इतकी विरळ वस्तू मिळवायला दार उघडावं लागतं, आणि आतली हवा तर पाण्याच्या वाफेनं काठोकाठ भरलेली. द्राक्षासारखी वेल कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावताना पाण्याचे काहीशे रेणू गमावते. आक्का म्हणतात ना, बाग पाणी पिते. बाग ते पाणी हवेच्या मोबदल्यात मोजते आहे.

बागेतून निरोप येत राहिले. साडेनऊला 55 सेकंद, साडेदहाला 40.

दुपारी 12.30

डबा. भाकरी, मेथीची भाजी, ताक. वीस मिनिटं.

दुपारी 12.50

पहिल्या वर्षाचा तास. फळ्यावर एकच गणित. दहा मिलिमीटर व्यासाचं एक भोक, आणि एक मिलिमीटर व्यासाची शंभर भोकं. क्षेत्रफळ? दोन्हींचं सारखंच, 78.5 चौरस मिलिमीटर. परीघ? एकाचा 31.4, शंभरांचा मिळून 314.

लंडनच्या क्यू उद्यानातल्या प्रयोगशाळेत होरेस ब्राउन आणि फर्ग्युसन एस्कम यांनी 1900 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की बारीक छिद्रांतून वायू जातो तो क्षेत्रफळाच्या नव्हे, व्यासाच्या प्रमाणात. कारण छिद्राच्या कडेनं रेणू चहूबाजूंना पसरतात. छिद्रं एकमेकांपासून पुरेशी दूर हवीत, नाहीतर त्यांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. पूर्ण उघडलेल्या रंध्रांची एकूण जागा पानाच्या पृष्ठाच्या एक-दोन टक्केच असते. बाकीचं पान बंद. तरीही हवेची देवघेव या बेताच्या दारांतून कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त होते. मुलांच्या चेहऱ्यावर पटलं की नाही ते दिसतं. आज पटलं. शेवटच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, मग पानानं आणखी भोकं का नाही पाडली? मी त्याला उत्तर दिलं नाही. उद्या तोच येऊन सांगेल.

दुपारी 2.15

पुन्हा बाग. पारा बत्तिसाला टेकलेला, हवा कोरडी, वारा सुटलेला. कागद लावला. मी मनात चाळीस सेकंद धरले होते. पन्नास झाले, साठ झाले, निळाच. 1 मिनिट 35 सेकंदांनी गुलाबी.

एवढ्या लख्ख उन्हात वेलीनं दारं अर्धी लोटून घेतली होती. ठिबक सकाळी चालू होतं, मुळांशी ओल होती. पण वरची कोरडी हवा पानातलं पाणी इतक्या जोरानं ओढत होती की मुळांनी कितीही पुरवलं तरी कमी पडावं. मग रक्षक पेशी सैल पडतात. सुकणाऱ्या वेलीत तर एक संप्रेरक, ॲब्सिसिक आम्ल, त्यांना मिटण्याचा हुकूमच देतं. दार लोटलं की पाणी वाचतं आणि कमाई थांबते. प्रकाश भरपूर, यंत्रणा तयार, आणि आत कच्चा माल नाही. दुपारच्या बागेकडे पाहून आपल्याला वाटतं, केवढं ऊन खातेय. प्रत्यक्षात वेलीची दिवसाची मोठी कमाई सकाळी अकराच्या आत होऊन गेलेली असते.

म्हणून सकाळच्या वेळेला पानं धुळीनं, चिखलानं, घाईत केलेल्या कामानं त्रासू नयेत, असं मला फार वाटतं.

सकाळच्या उसाचं इथे आठवलं. ऊस आणि ज्वारी यांनी यावर वेगळा तोडगा काढलेला आहे. त्यांच्या पानात शिरांभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनी आम्लाच्या रूपात त्या कड्याकडे पोचवतात, तिथे तो दाट होतो. हा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये उसाच्याच पानावर स्पष्ट केला. पंप इतका जोरकस की दार थोडं किलकिलं असलं तरी भागतं. कमावलेल्या प्रत्येक रेणूमागे पाणी निम्म्याच्या आसपास लागतं. उसाला पाणी भरमसाट लागतं हे खरं, पण ते त्याच्या अफाट वाढीमुळे आणि वर्षभर शेतात उभं राहण्यामुळे. ज्वारी हेच यंत्र घेऊन कोरडवाहूत उभी राहते. जत-कवठेमहांकाळच्या माळावर ज्वारी तगते त्याला जमिनीइतकंच हे पानही कारण आहे.

दुपारी 4.40

ऊन उतरलं. कागद: 1 मिनिट 5 सेकंद. दारं पुन्हा थोडी उघडली.

ट्रॅक्टर ब्लोअर जोडून उभा होता. माझ्या विद्यार्थ्यानं सकाळपासून विचार केलेला दिसला. नोझलची तोंडं त्यानं वरच्या बाजूला वळवली होती, म्हणजे फवारा खालून मांडवाकडे जाईल, आणि ट्रॅक्टरचा वेग कमी ठेवायला सांगितला होता. दाट झालेल्या ओळींतली पानं सकाळीच विरळ केली होती, हवा खेळती राहावी म्हणून. रोगाची पानं तोडून पोत्यात भरून बांधापलीकडे नेली होती. एक ओळ मारून झाल्यावर आम्ही पानं उलटून पाहिली. या वेळी ठिपके खालीही होते, बारीक आणि एकसारखे.

आक्कांनी एक पान डोळ्यांजवळ धरलं. "ह्या बाजूनं वेल दम घेती म्हणा की."

"होय आक्का."

"मग तोंडावरच औषध मारल्यालं चालतं व्हय तिला?"

प्रश्न अगदी नेमका होता. बारीक थेंब वाळून ठिपके होतात, ठिपक्यांमध्ये जागा मोकळी राहते, म्हणून चालतं. पण प्रमाणाबाहेर दाट औषध, चिकट द्रव्याचा अतिरेक, पुन्हा पुन्हा चढवलेले थर, यांनी ही दारं बुजतात. बागेला औषध जितकं हवं तितकंच द्या, हे मी त्यांना सांगितलं, आणि इथेही तेच सांगते.

संध्याकाळी 5.50

सूर्य टेकला. शेवटचा बागेतला कागद: साडेसहा मिनिटं. मुलांनी डबा बंद केला, आकडे वहीत उतरवले. दिवसभर उन्हात उभी राहून दोघांचे चेहरे रापले होते, पण आलेख काढायची घाई इतकी की गाडीतच सुरू झाला. सकाळी चढ, साडेदहाला शिखर, दुपारी खड्डा, चारनंतर एक लहान टेकडी, मग उतार. एका पानाच्या दिवसाचा आकार.

संध्याकाळी 7.00

घरी दिवेलागण. पानफुटीचं राहिलेलं जोडपान तोडायला हात पुढे केला, तसं सासूबाई म्हणाल्या, "दिवा लागल्यावर झाडाला हात लावू नये गं, झोपलेली असतात."

मी थांबले. आज घरी यायला उशीर झाला, हे पान उजेड असतानाच घ्यायचं होतं. त्यांची परवानगी घेऊन ते तोडलं, चुरडलं. कागद हिरवट पिवळा. आकडा साडेपाचच्या पुढे. सकाळचा आंबटपणा दिवसभरात खर्च झाला होता.

झाडं झोपतात हे म्हणणं मला आवडतं, कारण त्यामागे झाडाला जिवंत मानणं आहे. पण झोपेतही ती श्वास घेतात. श्वसन रात्रीचं काम आहे आणि प्रकाशसंश्लेषण दिवसाचं, अशी वाटणी आपल्या मनात शाळेपासून बसलेली असते. श्वसन चोवीस तास चालतं, प्रत्येक पेशीत. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा ओघ इतका मोठा असतो की श्वसन झाकलं जातं, एवढंच. आणि पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते खरं नाही. झाडाचा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फोडून येतो, आणि तो फोडायला उजेड लागतो. पिंपळाची सावली, त्यावरची पाखरं, त्याची सळसळ, हे सगळं जपण्यासारखं आहेच. त्याला खोट्या गुणाची गरज नाही.

रात्री 9.10

पायरीवर बॅटरी घेऊन बसले. शेवटचे तीन कागद. एक बादलीतल्या द्राक्षवेलीच्या पानाखाली, एक पानफुटीच्या जून पानाखाली, एक दोन काचांच्या मध्ये. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनीच घड्याळ धरलं.

पानफुटी कोरड्या कातळावर, भिंतीच्या फटीत जगणारं झाड. दिवसा दार उघडणं तिला परवडत नाही. ती रात्री उघडते, हवा गार आणि दमट असताना, म्हणजे पाणी कमी उडतं. आत आलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल करून पेशींच्या पोकळीत साठवते. उजाडलं की दार बंद करून, साठवलेल्या आम्लातून तोच वायू आतल्या आत मोकळा करते आणि उन्हात वापरते. निवडुंग, घायपात, अननस आणि आता आपल्याकडे लागणारं ड्रॅगन फ्रूट, यांचीही रीत हीच. पहाटेचा 4 हा आकडा त्या साठ्याचा होता.

दहा मिनिटं. तिन्ही कागद निळे. वीस मिनिटं. निळे. रस्त्यावरची वर्दळ थांबली. पस्तीस मिनिटांनी पानफुटीच्या कागदाचा एक कोपरा जांभळट झाला. सासूबाईंनी बॅटरी जवळ नेली. पन्नासाव्या मिनिटाला तो पूर्ण गुलाबी होता.

वेलीच्या पानाखालचा कागद दहा वाजून दहा मिनिटांनी काढला. काचेतल्या कागदासारखाच, निळा.